सल्ला हवा: बाबांच्या सायनसमध्ये कॅन्सर निघालाय, सावंतवाडीहून कुठे न्यावं?

तळ्याकाठचा (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत असतो, लिहायची वेळ आली ती अशी.

बाबा ६१ वर्षांचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून सुतारकाम. साग, फणस, शिवण, हल्ली जास्त करून प्लाय. मध्ये काही वर्षं चितारआळीत खेळण्यांचंही काम केलं. तंबाखू कधीच नाही, विडी तरुणपणी होती ती केव्हाच सुटली. मधुमेह आहे, गोळ्यांवर.

गेल्या पावसाळ्यापासून उजवी नाकपुडी चोंदलेली. आधी सर्दी म्हणून काढली, मग सायनस म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले. पुढे शेंबडातून रक्त यायला लागलं. मग वरची उजवी दाढ हलायला लागली म्हणून काढून घेतली, तर ती जखम भरेचना. दाढी करताना त्या गालाला काही कळत नाही म्हणायचे, आम्ही शुगरवर ढकललं. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. शुगरमुळे त्यांना आधी बुरशीची, म्हणजे म्युकरची शंका होती. तुकडा तपासला तर रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. सीटीत उजव्या मॅक्सिलरी सायनसमध्ये (गालामागची पोकळी) गाठ आहे, टाळूकडचं हाड खाल्लंय, आणि डोळ्याच्या खोबणीच्या तळाला गाठ टेकलीय असं लिहिलंय. मानेत गाठी नाहीत.

हाताशी तीन-साडेतीन लाख आहेत. रेशनकार्ड केशरी. थोडं कर्ज काढू, पण जमीन विकायची नाही, बाबा तसं करूच देणार नाहीत. पर्याय तीन: गोव्यात बांबोळी (तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज), कोल्हापूर (ताई तिथे दिलेली आहे) किंवा मुंबईत टाटा. मुंबईत आमचं कोणी नाही.

कोणीतरी बाबांना सांगितलंय की टाळू काढतात आणि मग बोलता येत नाही. तेव्हापासून 'मला काही करायचं नाही' म्हणून बसलेत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

---

पमाकाकू (सोमवार, रात्री ९:५२)

टाटा. दुसरा विचारच करू नको बाळा. माझ्या नणंदेच्या मिस्टरांचं जिभेचं ऑपरेशन टाटालाच झालं २०११ साली, आज नातवंडं खेळवतात. पहाटे जाऊन नंबर लावायचा. त्रास होतो, पण देवमाणसं आहेत ती.

---

नाशिककर_विजय (सोमवार, रात्री १०:०५)

मला स्वतःला वीस वर्षं सायनस आहे, त्यामुळे यातलं बरंच कळतं. दोन वेळा दुर्बिणीने पॉलिप काढले. शेवटी फरक पडला तो जलनेतीने. रोज सकाळी कोमट पाणी, चिमूटभर सैंधव. गुरुजींकडून शिकून घ्या. आणि कॅन्सर आहे याची आधी खात्री करा, लॅबवाले हल्ली काहीही लिहितात.

---

ओपीडीतला (सोमवार, रात्री ११:२०)

विजयराव, तुमचा आजार वेगळा, यांचा वेगळा. गाठीतून रक्त येतंय, त्या नाकात आपल्या मनाने नेतीचं भांडं लावायला सांगू नका. मीठ-पाण्याने नाक धुणं पुढे लागणारच आहे, पण ऑपरेशन करणारे सांगतील तेव्हा.

तळ्याकाठचा, मी याच विषयातला डॉक्टर आहे. पेशंट न बघता ठाम सांगणार नाही, पण काही गोष्टी इथे लिहिण्यासारख्या आहेत.

विजयरावांच्या शेवटच्या वाक्यात अर्धं तथ्य आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. नाक आणि सायनसचा कॅन्सर दुर्मीळ. डोक्या-मानेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम तीन ते पाच टक्के. त्यात जाती भरपूर: स्क्वॅमस सर्वांत जास्त दिसतो, पण ॲडेनोकार्सिनोमा, ॲडेनॉइड सिस्टिक, मेलानोमा, लिम्फोमा, वासाच्या नसेतून निघणारा न्यूरोब्लास्टोमा असे अनेक. लिम्फोमा असेल तर मोठी चिरफाड करतच नाहीत, औषधं आणि रेडिएशनवर भागतं. म्हणून हा तुकडा डोक्या-मानेचे कॅन्सर रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून पुन्हा गेलाच पाहिजे. पेशंटला त्यासाठी कुठे न्यावं लागत नाही. लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (तुकडा त्यातच जपून ठेवलेला असतो) मागून घ्या, नुसता कागद नको. मागितले की लॅब देते.

दुसरं, एमआरआय, कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन करतात तो). सीटीत हाड नीट कळतं. पण सायनसमध्ये जे भरलेलं दिसतं त्यातली गाठ किती आणि मागे तुंबलेला शेंबूड किती, हे एमआरआय जास्त चांगलं सांगतो. गाल बधीर आहे याचा अर्थ डोळ्याखालून गालात येणाऱ्या नसेला धक्का लागलाय, तिच्या कडेने गाठ मागे सरकलीय का हेही त्यातच बघायचं. मधुमेह आहे तेव्हा आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या.

डोळ्याचं: खोबणीचं हाड गेलं म्हणजे डोळा गेला असं नाही. हाडाच्या आत डोळ्याभोवती एक चिवट पडदा असतो. गाठ त्याच्या अलीकडे थांबली असेल तर डोळा बहुतेक वेळा वाचवता येतो. काही ठिकाणी अशा पेशंटना आधी केमो देऊन गाठ आकसते का पाहतात.

सर्वसाधारण क्रम असा: ऑपरेशन, जखम भरली की साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन, आणि काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या नाहीत, म्हणजे कडेपर्यंत गाठ निघाली, किंवा तसं काही निघालं तर सोबत सिसप्लॅटिन हे केमोचं औषध. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, सहा ते साडेसहा आठवडे. मधे खंड पडलेला चालत नाही. सगळे ऑपरेशन कुठे करायचं यावर भांडतात, हे सहा आठवडे पेशंट राहणार कुठे ते कोणी विचारत नाही.

---

फर्निचरवाला_पुणे (मंगळवार, सकाळी ७:३०)

धाग्यात सुतारकामाचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो. व्हॉट्सॲपवर फिरतं की लाकडाच्या भुशाने कॅन्सर होतो. आमची तिसरी पिढी या धंद्यात आहे. आजोबा ८८ वर्षं जगले, भुशातच झोपायचे. उगाच कष्टाच्या कामाला बदनाम करू नका.

---

ओपीडीतला (मंगळवार, दुपारी २:१५)

आजोबांना दंडवत. पण हे व्हॉट्सॲपवरचं नाही. इंग्लंडात हाय विकम नावाचं खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध गाव आहे. १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एरवी क्वचित दिसणारा नाकाचा ॲडेनोकार्सिनोमा फर्निचर कारागिरांमध्ये फारच दिसतोय. नॉर्थॅम्पटनशायरच्या बूट कारागिरांमध्येही तसंच आढळलं, तिथे चामड्याची धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे कॅन्सर करते हे सिद्ध.

फक्त एक फरक. तो घट्ट संबंध आहे ॲडेनोकार्सिनोमाशी, आणि तो बहुधा दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड सायनसमध्ये होतो. धाग्यातल्या बाबांचा स्क्वॅमस आहे, तोही गालाच्या सायनसमध्ये. तिथे लाकडाचा दोष तितका पक्का धरता येत नाही, विडीचाही हात असू शकतो. एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही.

---

फर्निचरवाला_पुणे (मंगळवार, दुपारी २:४०)

म्हणजे तुम्हीच म्हणताय की यांच्या बाबतीत लाकूड नाही. तेच मी म्हणत होतो.

---

ओपीडीतला (मंगळवार, दुपारी २:५८)

तसं म्हटलेलं नाही. आणि कारखान्यात सँडरला धूळ ओढणारं मशीन लावलं नसेल तर आजच लावा, पोरं वीस-बावीस वर्षांची असतील. हा आजार पहिल्या भुशानंतर काही दशकांनी उगवतो.

---

अवलिया७४ (मंगळवार, दुपारी ४:३०)

पैशाकडे बघू नका, माणूस महत्त्वाचा. सरळ चेन्नईला प्रोटॉन थेरपी. माझ्या मेव्हण्याची झाली, त्याला मेंदूच्या तळाशी गाठ होती. प्रोटॉनचा किरण गाठीपाशी थांबतो, पलीकडे जात नाही, डोळा आणि मेंदू वाचतो. एक्स-रेचं जुनं रेडिएशन आता कोण घेतं? खर्च पंचवीस लाखांच्या वर गेला, पण आम्ही मागेपुढे पाहिलं नाही. हॉस्पिटल म्हणजे पंचतारांकित, मेव्हण्याला रोज ताजी इडली.

---

केशरी_कार्ड (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

अवलिया, तो साडेतीन लाख म्हणतोय हो. आणि प्रोटॉनच हवं असेल तर खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेकमध्येही आहे, इडलीसाठी चेन्नई गाठायला नको. सायनसच्या प्रत्येक पेशंटला ते लागतं असंही नाही. आमच्या काकांना साध्या मशीनवर आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे बेतलेलं एक्स-रेचं रेडिएशन) दिलं, दोन्ही डोळ्यांनी पेपर वाचतात.

आता कामाचं. केशरी कार्ड आहे म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसता. वर्षाला कुटुंबामागे पाच लाख. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही योजनेत आहेत, पण प्रत्येक हॉस्पिटलला तिन्ही मंजूर असतात असं नाही. हाच मोठा घोळ. ऑपरेशन योजनेत होतं आणि रेडिएशनला 'आमच्याकडे नाही, बाहेर जा' म्हणतात. तेव्हा पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राच्या (योजनेचा हॉस्पिटलात बसणारा माणूस) टेबलावर बसून तिन्हीबद्दल विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते. आधी खिशातून भरले आणि मग बिल लावू म्हणालात तर ते पैसे गेले.

योजनेत नसलेलं एखादं चॅरिटी हॉस्पिटल असेल तर तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. बाबांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? सुतार त्यात येतात. नोंदणी चालू असेल तर गंभीर आजाराला तिथूनही मदत मिळते.

---

पमाकाकू (मंगळवार, संध्याकाळी ६:३५)

आमचं पांढरं कार्ड आहे म्हणून आम्हाला योजना नाकारली होती. सगळं श्रीमंतांनी भरायचं आणि. असो. तळ्याकाठचा, टाटाला नंबर लावलास का?

---

केशरी_कार्ड (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

काकू, ते जुनं झालं. २०२३ च्या शासन निर्णयात पांढरं कार्डही घेतलं.

---

पमाकाकू (मंगळवार, संध्याकाळी ६:५८)

निर्णय कागदावर. तिथे जाऊन बघा एकदा काय सांगतात ते.

(यानंतर पांढऱ्या कार्डावर अकरा प्रतिसाद झाले. ते 'योजना आणि अनुभव' धाग्यावर हलवले आहेत. धागाकर्त्याच्या प्रश्नावर या. — प्रशासक)

---

नेरूरपारचो (मंगळवार, रात्री ९:१५)

आमच्या वाडीतल्या एका माणसाक असाच झाला होता. नाकातसून रगात येय. बांबोळेक नेलो, ऑपरेशन झाला, लाईट (रेडिएशन) दिली, आता बरो आसा. मुंबयक कशाक धावतस? म्हाताऱ्याक थय कोण विचारतलो? घराकडसून गाडी केलस तर सकाळी जावन रात्री परत.

---

गव्यप्रेमी (मंगळवार, रात्री ९:४०)

कापाकापीने कॅन्सर पसरतो हे सर्वांना माहीत आहे. बायोप्सी केली तिथेच चूक झाली. पंचगव्याने बरे झालेले रुग्ण मी दाखवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

ओपीडीतला (मंगळवार, रात्री ९:५५)

तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा न घेता घालवलेल्या महिन्यांत मात्र पसरतो.

---

बार्शीची_लेक (मंगळवार, रात्री ११:३०)

दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालंय, डावी बाजू. आज ती फोनवर माझ्याशी तासभर भांडते, त्यामुळे 'बोलता येत नाही' हे बाबांच्या डोक्यातून आधी काढा.

वरच्या जबड्याचा अर्धा भाग, त्यातले दात आणि टाळूची ती बाजू काढतात. तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहतं. ते तसंच ठेवलं तर पाणी प्यालं की नाकातून येतं आणि बोलणं गुणगुणं होतं, कोणाला कळत नाही. तुमच्या त्या 'कोणीतरी' माणसाने बहुतेक असाच पेशंट पाहिला असेल. भोक बुजवायचे दोन मार्ग. एक म्हणजे पायाचं हाड किंवा मांडीचं मांस रक्तवाहिन्यांसकट आणून बसवणं, त्याला ऑपरेशन लांबतं. दुसरा म्हणजे टाळूची प्लेट, डॉक्टर ऑब्च्युरेटर म्हणतात. दिसायला कवळीसारखी, वरून एक फुगवटा असतो, तो भोकात बसतो.

आईला प्लेट आहे. तर ऐका: ऑपरेशनच्या आधी कवळीच्या डॉक्टरांनी (प्रोस्थोडॉन्टिस्ट) तोंडाचं माप घ्यायला हवं. माप आधी घेतलेलं असलं की पहिली प्लेट ऑपरेशन टेबलावरच बसवतात, पेशंट शुद्धीवर आला की बोलू शकतो. आम्ही आधी जिथे दाखवलं (नाव लिहीत नाही) तिथे कवळीवाल्यांना न दाखवताच तारीख दिली होती. 'ते नंतर बघू' म्हणाले. आईच्या मामेबहिणीने, ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथूनच गाडी फिरवायला लावली. दुसरीकडे नेलं तिथे सर्जन, रेडिएशनवाले आणि कवळीवाले एकाच टेबलावर बसून बोलले. तुम्ही कुठेही जा, कवळीचे डॉक्टर कोण आहेत ते आधी विचारा. कोणी गोंधळून बघायला लागलं तर तिथून उठा.

प्लेटा तीन होतात. पहिली टेबलावरची, मग जखम आकसते तशी मधली, आणि रेडिएशन संपून काही महिने गेले की पक्की, दात लावलेली. प्रत्येक जेवणानंतर काढून मऊ ब्रशने साबण लावून धुवायची. आतल्या पोकळीत खपल्या धरतात, त्या मोठ्या सिरिंजने मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने भिजवून सोडवायच्या. ओढायच्या नाहीत. सुरुवातीला वास येतो, घरच्यांनी नाक मुरडायचं नाही.

रेडिएशनच्या आधी सगळे दात तपासून घ्या. काढायचे ते आधीच काढतात, कारण नंतर त्या भागातला दात काढला तर हाड सडायची भीती असते. आणि जबडा उघडायचा व्यायाम. आईला आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या. दातांमध्ये बसतील तेवढ्या ठेवायच्या, मग आणखी एक सरकवायची. डोळ्यातून पाणी येतं, पण न केल्यास तोंड बोटभरही उघडत नाही आणि मग प्लेट आत जाणार कशी? रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं. तेव्हा ज्वारीची आंबील, मऊ गुरगुट्या भात, दूध घालून कुस्करलेली खिचडी. लिंबू, टोमॅटो, लाल तिखट बंद. चव जाते, आईला चहा मातीसारखा लागायचा. वजन दर आठवड्याला बघा.

आणि शुगर. ती आटोक्यात नसली की जखम भरत नाही आणि रेडिएशन लांबतं.

---

तळ्याकाठचा (बुधवार, सकाळी ६:५०)

ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. प्लेट कशाची करतात विचारत होते. ॲक्रिलिक म्हटलं तर 'हं' म्हणाले. आभार कसे मानू कळत नाही.

---

बे_एरियाकर (बुधवार, सकाळी ८:२०)

इथे अमेरिकेत अशी केस ट्यूमर बोर्डपुढे (सगळ्या विषयांच्या कॅन्सर डॉक्टरांची एकत्र बैठक) गेल्याशिवाय कोणी हात लावत नाही. ह्यूस्टनला एमडी अँडरसनचं मत घेता येईल, व्हिडिओवर करतात बहुतेक. भारतात सिस्टिम नाही हाच प्रॉब्लेम आहे.

---

केशरी_कार्ड (बुधवार, सकाळी ८:४५)

डॉलरमध्ये फी कोण भरणार? भारतात नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, शेकडो हॉस्पिटलं जोडलेली. 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट चढवले की टाटा आणि ग्रिडमधल्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या येतं. आणि ट्यूमर बोर्ड इथेही असतो, विचारायचं असतं.

---

परळवारी (बुधवार, दुपारी १:००)

सगळे टाटा टाटा करतायत पण तिथलं कोणी सांगत नाही. जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन रांगा आहेत. डॉक्टर तेच, फरक पैशांचा आणि वेळेचा. स्लाइड, ब्लॉक, सीटीची सीडी न्या, त्यांचे पॅथॉलॉजीवाले पुन्हा बघतातच. राहायला दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि जागा लगेच मिळेल असं धरून चालू नका. रेल्वे तिकिटात पेशंटला आणि सोबत्याला सवलत असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या. मी वडिलांसोबत तिथे राहिलोय. उपचार चांगलेच आहेत, पण सोबतीला धडधाकट माणूस हवा, आणि त्याची नोकरी जाऊ नये.

---

नाशिककर_विजय (बुधवार, दुपारी ३:३०)

स्लाइड पुन्हा तपासून घ्या हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

---

तळ्याकाठचा (दोन आठवड्यांनी, रविवार)

मंडळी, अपडेट. ताईच्या दिरांनी ब्लॉक आणि स्लाइड मुंबईला नेऊन टाटात तपासून आणले. निदान तेच, स्क्वॅमस. एमआरआय झाला. गाठ खोबणीच्या तळाच्या हाडात आहे, आतला पडदा शाबूत दिसतो. नसेच्या कडेने मागे गेल्याचं दिसत नाही. क्रिएटिनिन ठीक. शुगरसाठी सध्या इन्सुलिन सुरू केलंय.

निर्णय कोल्हापूरचा घेतलाय. इथे बहुतेकांनी टाटा सांगितलं, नेरूरपारच्यांनी बांबोळी. सगळ्यांचं म्हणणं पोचलं. पण ओपीडीतले म्हणाले तो हिशोब मनातून जाईना. ऑपरेशनचे दिवस कुठेही निघतील, रेडिएशनचे सहा आठवडे बाबा दादरला धर्मशाळेत मला बघत बसणार, इथे दुकान बंद आणि आई एकटी. ताईचं घर हॉस्पिटलपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिच्या हातची आंबील बाबा मुकाट्याने पितील, माझ्या हातची नाही. बांबोळी जवळ खरी, पण रोज खालीवर करायला त्यांच्यात ताकद उरणार नाही.

आरोग्यमित्राकडे तिन्ही गोष्टी विचारल्या. ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही तिथे योजनेत आहेत. सर्जनना विचारलं कवळीचे डॉक्टर कोण, तर त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि दुपारी माप घेतलं. बाबांना तिथेच थोडा धीर आला. रेडिएशनचे डॉक्टरही ऑपरेशनच्या आधीच भेटले. कामगार मंडळाची नोंदणी मात्र नूतनीकरण न केल्याने बंद पडलीय, ते बघतोय.

---

पमाकाकू (रविवार)

एवढं सगळ्यांनी जीव तोडून सांगितलं. असो, तुझे वडील. रेडिएशन तरी टाटाला घे.

---

अवलिया७४ (रविवार)

प्रोटॉनचा विचार केला असतात तर बरं झालं असतं. शुभेच्छा.

---

नेरूरपारचो (रविवार)

कोल्हापूर बेस आसा. पण आंबोली घाटात धुक्यात रातची गाडी घालू नको.

---

फर्निचरवाला_पुणे (सोमवार)

बाबांना लवकर आराम पडो. सँडरला धूळ ओढायचं मशीन कोणतं घ्यावं यावर कोणी वेगळा धागा काढेल का? पोरांसाठी विचारतोय.

---

तळ्याकाठचा (त्यानंतर महिन्याभराने)

ऑपरेशन पार पडलं. डोळा वाचला. खोबणीचा तळ जाळी घालून उचलून धरलाय, सध्या थोडं दोन-दोन दिसतं, कमी होईल म्हणतात. कडा स्वच्छ आल्या, एका बाजूला गाठ आणि कड यांतलं अंतर कमी आहे म्हणून रेडिएशनसोबत केमो द्यायची की नाही यावर त्यांची बैठक आहे. मधली प्लेट मिळालीय. बाबा बोलतात. पहिलं वाक्य 'बिल किती झालं'. गालावरचं व्रण नाकाच्या कडेने ओठापर्यंत आहे, त्याचं त्यांना काही नाही. प्लेटचंच जास्त. काल चष्मा लावून उलटसुलट करून बघत होते, म्हणाले, फिनिशिंग बरं नाही, कड मारायला हवी. मागची कड त्यांना टोचतेय म्हणे. रेडिएशन पुढच्या सोमवारपासून.

---

सोलापूरची_अनु (त्याच दिवशी)

माझ्या सासूबाईंना हेच निघालंय. हॉस्पिटलचं आणि कवळीच्या डॉक्टरांचं नाव व्यनि कराल का?

---

तळ्याकाठचा

केला आहे. एमआरआय आधी करून घ्या, आणि ब्लॉक मागायला लाजू नका.

---

बार्शीची_लेक

वाचून फार बरं वाटलं दादा. कड टोचत असेल तर थांबू नका, रेडिएशन सुरू व्हायच्या आधी दाखवा, तिथल्या तिथे घासून देतात. एकदा तोंड सोलवटलं की प्लेट घालवत नाही. आणि बाबांच्या हाती पॉलिशपेपर लागू देऊ नका, आमच्या आईने कानस लावली होती. एका बाजूने पाणी गळायला लागलं आणि माप पहिल्यापासून घ्यावं लागलं.